कटग्लासची फुलदाणी : आधी काप वाचावा, मग खूण

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये कटग्लासच्या फुलदाण्यांविषयीची पत्रे इतकी होती, की हा संपूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे. लांबलेले प्रश्न संक्षेपाने घेतले आहेत.

प्रश्न : वारशाने आलेली सुमारे तीस सेंटिमीटर उंचीची एक फुलदाणी माझ्याकडे आहे. ती चांगलीच जड असून तळापासून काठापर्यंत तारे आणि पंखे यांच्या नक्षीने भरलेली आहे. बुडाशी कोणतीही खूण नाही. एका जाणकाराने ती अमेरिकन असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने बोहेमियन, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया प्रांतातली. ती कोणी बनवली हे कसे शोधावे?

उत्तर : कटग्लासच्या बाबतीत ‘कोणी बनवली’ या एका प्रश्नात बहुधा दोन प्रश्न दडलेले असतात. वितळलेली काच फुंकून कोरा, जाड भिंतीचा नग तयार करणारा कारखाना एक असे आणि त्या नगावर चाकाने काप घेणारा कारखाना पुष्कळदा दुसराच असे. अमेरिकेतील कॉर्निंग या गावी टी. जी. हॉक्स यांनी १८८० मध्ये आपला व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे काच वितळवण्याची भट्टीच नव्हती. कोरे नग ते कॉर्निंग ग्लास वर्क्सकडून घेत असत. त्यामुळे त्या काळातल्या ‘हॉक्स’ फुलदाणीची काच हॉक्स यांची नाही, काप मात्र त्यांचा आहे. त्यात नक्षीही एकाच घरात राहत नाही. तारे आणि लहान लहान बटणांनी गच्च भरलेली ‘रशियन’ या नावाची नक्षी फिलिप मॅकडोनाल्ड यांनी हॉक्ससाठी रचली आणि तिचे पेटंट १८८२ मध्ये मिळाले. परंतु १८९१ मध्ये व्हाइट हाउससाठी त्याच नक्षीचा संच तयार झाला, तो पेनसिल्व्हेनियातील डॉरफ्लिंगरच्या कारखान्यात. नक्षी ओळखली म्हणजे निर्माता ओळखला, असे मानणाऱ्यांनी हे एक उदाहरण कायम ध्यानात ठेवावे.

म्हणून निर्मात्याचे नाव सर्वांत शेवटी येते. सुरुवात करावी ती याहून साध्या प्रश्नाने : नक्षी खरोखर कापलेली आहे की साच्यातून आलेली आहे? साच्यात दाबून काचेची भांडी बनवण्याची यंत्रे अमेरिकेत १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळू लागली आणि त्यांचा पहिला उद्देशच मुळी महाग कटग्लासची स्वस्त नक्कल करणे हा होता. बोटाचे टोक नक्षीच्या कंगोऱ्यांवरून अलगद फिरवावे. कापलेल्या काचेचा कंगोरा धारदार लागतो, साच्यातल्या काचेचा बोथट आणि किंचित गोलसर लागतो, कारण वितळलेली काच साच्याच्या कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही आणि नंतर भट्टीच्या आचेने तिचा पृष्ठभाग आणखी गुळगुळीत होतो. दोन बाजूंना किंवा तीन ठिकाणी तळापासून काठाकडे जाणारी सांध्याची बारीक रेषा दिसली, तर नग साच्यातून निघालेला आहे यात शंका उरत नाही. मात्र ही रेषा नक्षीच्या कोपऱ्यात लपवण्याची युक्ती कारखान्यांना चांगली अवगत होती, त्यामुळे ती न दिसणे हा पुरावा ठरत नाही.

फुलदाणीचा आकारही बरेच काही सांगतो. दाबून बनवलेल्या नगात आतून दट्ट्या घातलेला असतो आणि तो सरळ वर काढावा लागतो. साहजिकच अशा नगाचा आतला भाग तोंडापेक्षा खाली अधिक रुंद असू शकत नाही. मान आवळलेली आणि पोट फुगलेले असेल, तर एक तर नग फुंकलेला आहे किंवा दाबल्यानंतर गरम असतानाच त्याची मान पुन्हा घडवलेली आहे. आता हात आत घालून भिंत चाचपावी. साच्यात फुंकलेल्या काचेत बाहेरची नक्षी आतल्या बाजूलाही लाटांसारखी जाणवते, तर कापलेल्या जाड नगाची आतली बाजू सपाट, गुळगुळीत असते.

या दोहोंच्या मधली एक जात आहे आणि तीच भल्याभल्यांना चकवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मजुरी वाचवण्यासाठी अनेक अमेरिकन कारखान्यांनी असे नग वापरायला सुरुवात केली, की ज्यांत नक्षीच्या मुख्य रेषा साच्यातूनच उमटलेल्या असत आणि कारागीर त्याच रेषांवरून चाक फिरवून त्यांना धार आणत असे. अशा फुलदाणीत मोठे चर धारदार असतात, पण त्यांच्यामधली बारीक भरणी बोथट राहून जाते. एकाच नगावर दोन प्रकारच्या कडा दिसल्या, तर हा प्रकार आहे असे समजावे. मी स्वतः अशा नगाला कमी लेखत नाही, परंतु पूर्ण हाताने कापलेल्या नगाच्या किमतीत तो विकणे निश्चितच गैर आहे.

काप खरा ठरला, की तो कसा केला आहे हे भिंगाखाली पाहावे. कारागीर आधी नगावर रंगाने ढोबळ रेषा आखून घेई. मग लोखंडी चाकावर ओल्या वाळूची धार सोडून मोठे चर पाडले जात. पुढे वाळूची जागा कार्बोरंडम या कृत्रिम, कठीण घर्षकाच्या भुकटीने घेतली. हे काम करताना नग चाकाच्या वर धरलेला असतो आणि कारागीर काचेतून आरपार पाहत काप घेतो, म्हणजे त्याचा हात अंदाजावर चालतो. त्यानंतर वालुकाश्माच्या चाकावर चर साफ केला जाई आणि शेवटी लाकडी चाकावर प्युमिस (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड) व कथिलाच्या भस्माची लुकण लावून त्याला चकाकी आणली जाई. या भस्मात शिसेही मिसळलेले असे आणि पॉलिश करणारे कामगार त्याच्या विषबाधेने आजारी पडत. या झगमगाटाची ती किंमत होती. लाकडी चाकाने पॉलिश केलेल्या खोल चरात तिरप्या उजेडात अगदी बारीक समांतर रेघा दिसतात आणि कडा तीक्ष्ण राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हायड्रोफ्लोरिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवून पॉलिश करण्याची पद्धत पसरत गेली. आम्ल सगळीकडे सारखेच काम करते, त्यामुळे रेघा पुसल्या जातात, कडा किंचित विरघळतात आणि काचेला ओलसर, मेणचट अशी चमक येते. एकदा दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले, की हा फरक पुन्हा विसरला जात नाही.

हाताच्या कामाची आणखी एक साक्ष रेषांच्या छेदबिंदूंवर मिळते. ताऱ्याच्या सर्व रेषा मध्यभागी एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. एखादी रेषा केसभर पुढे गेलेली, दोन शेजारच्या ताऱ्यांमध्ये किंचित फरक, पंख्याचा एखादा पाकळा थोडा अरुंद, अशा चुका उत्तम कारागिराकडूनही होत. सर्व तारे हुबेहूब सारखे आणि सर्व कडा सारख्याच मऊ असतील, तर नग अलीकडचा असण्याची शक्यता वाढते.

आता काळ. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये काचेवर वजनानुसार कर होता, त्यामुळे नगाच्या भिंती पातळ ठेवल्या जात आणि काप उथळ, सपाट पैलूंचे असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या शक्तीवर चालणारी चाके आली आणि खोल हिऱ्याच्या आकाराच्या खाचांचे आडवे पट्टे लोकप्रिय झाले. संपूर्ण पृष्ठभाग झाकून टाकणारी खोल, दाट नक्षी आणि मध्यभाग उंचावलेला अनेक टोकांचा तारा ही मात्र अमेरिकेच्या त्या कालखंडाची ओळख आहे, ज्याची सुरुवात १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनापासून आणि अखेर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मानली जाते. त्यातही वळणदार चर असतील तर नग या काळाच्या उत्तरार्धाकडे सरकतो, आणि तारे कमी होऊन न चकाकवलेली, करड्या रंगाची फुले-पाने आली असतील तर बहुधा १९०५ च्या पुढे.

आपल्या वर्णनावरून, म्हणजे तारे, पंखे, पूर्ण भरलेला पृष्ठभाग आणि वजन यांवरून, आपली फुलदाणी अमेरिकन असल्याचे मत मला अधिक पटण्याजोगे वाटते. परंतु नेमकी हीच शैली विसाव्या शतकात बोहेमियातील कारखान्यांनीही विपुल प्रमाणात कापली, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे पॉलिश तपासणे आवश्यक आहे. लाकडी चाकाच्या रेघा दिसल्या, तर अमेरिकन मताचे पारडे जड होईल. पुढची पायरी म्हणजे जुन्या कारखान्यांच्या सूचिपत्रांशी आणि नक्षीच्या पेटंटच्या चित्रांशी तुलना. ती करताना एकेका ताऱ्याकडे न पाहता संपूर्ण मांडणी पाहावी : तारा, पंखा आणि जाळी शेकडो कारखाने कापत होते, त्यांचा क्रम आणि प्रमाण मात्र एकेका नक्षीचे स्वतःचे असते. एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर ‘अमेरिकन, सुमारे १८९० ते १९१०, निर्माता अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी. त्या काळातला बहुसंख्य माल खुणेविनाच बाजारात गेला होता, आणि ओढूनताणून चिकटवलेल्या मोठ्या नावापेक्षा अशी चिठ्ठी केव्हाही बरी.

प्रश्न : माझ्या फुलदाणीच्या तळावर वर्तुळात जे. हॉअर अँड कंपनी, कॉर्निंग आणि मध्ये १८५३ असे अस्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे ती १८५३ मध्ये बनली, असे समजावे का?

उत्तर : नाही. जॉन हॉअर यांनी ब्रुकलिनमध्ये व्यवसाय सुरू केला ते हे वर्ष आहे. ते कॉर्निंगला आले १८६८ मध्ये, म्हणजे १८५३ आणि कॉर्निंग हे दोन शब्द एका वर्तुळात एकत्र आले, यातच ते वर्ष नगाचे नसल्याचे सिद्ध होते. ही खूण कारखान्याच्या उत्तरकाळातली आहे आणि नगाचा काळ बहुधा १८९० ते १९१० च्या दरम्यानचा निघेल.

खूण खरी आहे की नंतर उठवलेली, हे पाहणे मात्र अधिक महत्त्वाचे आहे. या काळातल्या बहुतेक खुणा रबरी शिक्क्याने आम्ल लावून उठवलेल्या असत आणि त्या इतक्या पुसट असतात, की नग तिरपा धरून एका बाजूने उजेड टाकल्याशिवाय किंवा काचेवर हळूच श्वास सोडल्याशिवाय दिसत नाहीत. हॉक्सच्या खुणेत तीन पाकळ्यांच्या चौकटीत दोन ससाणे असतात; लिबी या अमेरिकेतील टोलिडो शहरातल्या कारखान्याच्या एका खुणेत नावाखाली तलवार असते आणि ती १८९६ ते १९०६ या काळातली मानली जाते. आता भिंगाने तळावरच्या ओरखड्यांकडे पाहावे. शंभर वर्षे टेबलावर सरकवलेल्या नगाच्या टेकणाऱ्या कडेवर सर्व दिशांना जाणारे बारीक ओरखडे असतात. ते ओरखडे खुणेला छेदून जात असतील, तर खूण त्यांच्या आधीची आहे. खूण ओरखड्यांवर ताजी, स्वच्छ बसलेली दिसली, तर शिक्का नंतर मारलेला आहे. सर्व ओरखडे एकाच दिशेने जाणारे असतील, तर ते घासकागदाने मुद्दाम पाडलेले असू शकतात. खोटी खूण खऱ्या जुन्या नगावरही मारलेली आढळते, त्यामुळे खूण खोटी निघाली म्हणून फुलदाणी टाकाऊ ठरवू नये.

प्रश्न : टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद आला, तर काच शिसे मिसळलेली असते असे म्हणतात. ही कसोटी विश्वसनीय आहे का?

उत्तर : पातळ पेल्यासाठी काही अंशी आहे, जाड फुलदाणीसाठी फारशी नाही. नाद आकारावर आणि भिंतीच्या जाडीवर अवलंबून असतो; शिवाय आधीच तडा असलेल्या नगाला टिचकी मारणे धोक्याचे आहे. घनता मोजणे अधिक भरवशाचे. साध्या सोडा-चुन्याच्या काचेची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम असते. १९६९ च्या युरोपीय नियमानुसार किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड असलेल्या स्फटिकाची (म्हणजे ‘क्रिस्टल’ काचेची) घनता २.९० पेक्षा कमी असू नये आणि ३० टक्क्यांच्या स्फटिकाची ३.०० पेक्षा कमी असू नये.

हे मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, मात्र पाण्याच्या भांड्याचे वजन पेलण्याइतकी त्याची क्षमता असावी. आधी कोरड्या फुलदाणीचे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याने भरलेले मोठे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. फुलदाणीच्या मानेला मजबूत दोरी बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही, अशी हाताने धरून ठेवावी आणि आतली हवा निघून जाऊ द्यावी. या वेळी काट्यावर वाढलेले ग्रॅम म्हणजे फुलदाणीने सारलेल्या पाण्याचे मिलिलिटर, अर्थात काचेचे घनफळ. १,८३० ग्रॅमच्या फुलदाणीने काटा ६१० ने वाढवला, तर भागाकार ३.० येतो आणि काच भरपूर शिशाची ठरते. १,५०० ग्रॅमच्या नगाने ६०० ने वाढवला, तर २.५, म्हणजे साधी काच. डिंकाने जोडलेला किंवा चीर गेलेला नग मात्र पाण्यात बुडवू नये.

घनतेवरून काच कशाची आहे ते कळते, काळ कळत नाही. आजच्या कारखान्यातला नवा नगही ३.० दाखवू शकतो. उलट, बोहेमियात पोटॅशच्या (लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या क्षाराच्या) काचेची परंपरा जुनी आणि मानाची आहे. कमी घनता म्हणजे हलका माल, असा अर्थ तिथे लागू होत नाही. कार्लोव्ही वारी येथे १८५७ मध्ये सुरू झालेल्या मोझर या कारखान्याची काच शिसेविरहित असते आणि तिच्या प्रतिष्ठेत त्यामुळे काही उणे येत नाही. अतिनील दिव्याचाही असाच मर्यादित उपयोग आहे : मँगेनीज घालून रंगहीन केलेली जुनी काच त्या प्रकाशात फिकट पिवळसर हिरवी दिसते, आणि हे फक्त इतर पुराव्यांना जोड म्हणून धरावे.

प्रश्न : लाल रंगाची आणि कापलेल्या जागी पारदर्शक असलेली फुलदाणी घेतली आहे. विक्रेता तिला ‘बोहेमियन ओव्हरले’ म्हणतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : कापाच्या कडेवर भिंग धरा आणि लाल थर किती जाड आहे ते पाहा. रंगहीन काचेवर रंगीत काचेचा वेगळा थर चढवलेला असेल, तर कापाच्या कडेला पायरीसारखी स्पष्ट जाडी दिसते. हाच खरा ओव्हरले. रंगीत काचेत क्षणभर बुडवून काढलेल्या नगावर हा थर कागदासारखा पातळ असतो. आणि जाडी मुळीच दिसत नसेल, रंग जणू काचेच्या कातडीत मुरलेला वाटत असेल, तर तो रंगलेप आहे, ज्यात तांब्याच्या क्षारांचा लेप देऊन नग भट्टीत तापवला जातो. लाल रंगाचा असा लेप बोहेमियातील फ्रिडरिश एगरमान यांनी १८३२ च्या सुमारास सिद्ध केला आणि त्यामुळे लाल काच एकदम स्वस्त झाली. लेपाच्या नगावर चाक अगदी हलके चालवले तरी रंग निघतो, म्हणून तिथे खोल काप क्वचितच दिसतात आणि हरणे, किल्ले, द्राक्षवेली अशी उथळ कोरीव चित्रे अधिक दिसतात. अशा कोरीवकामात नग लहान तांब्याच्या चाकाच्या खालून धरतात, म्हणजे कापाच्या बरोबर उलट.

थर जाड निघाला तरी ‘बोहेमियन’ हे नाव लगेच पक्के करू नये. इंग्लंडमध्ये स्टरब्रिजच्या परिसरात, बेल्जियममध्ये १८२६ मध्ये स्थापन झालेल्या व्हाल सेंट लॅम्बर्टमध्ये आणि फ्रान्समध्येही हे काम होत असे. जपानच्या सात्सुमा किरिको या कटग्लासमध्ये तर रंगाचा थर मुद्दाम जाड ठेवून उतरता काप घेतात, म्हणजे कडेचा गडद लाल हळूहळू फिका होत पारदर्शकात मिसळतो. ही छटा एकदा पाहिली, की दुसऱ्या कशाशी तिची गल्लत होत नाही. सात्सुमाचे मूळ काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थोड्याच वर्षांपुरते चालले आणि १९८० च्या दशकात त्याचे पुनरुज्जीवन झाले, त्यामुळे आज हाती येणारा नग बहुधा नव्या काळातला असतो.

प्रश्न : तळावर ‘वॉटरफोर्ड’ असे कोरलेले आहे. हा कारखाना १७८३ चा असल्याने फुलदाणी जॉर्जियन, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या, काळातली असू शकते का?

उत्तर : नाही. आयर्लंडमधला पेनरोझ कुटुंबाचा मूळ कारखाना १८५१ मध्ये बंद पडला. आजचे नाव १९४७ मध्ये सुरू झालेल्या नव्या कारखान्याचे असून तळावर आम्लाने उठवलेले नाव त्याचेच आहे. जुन्या वॉटरफोर्डची खूण काही सुरयांच्या तळाशी साच्यातून उमटलेली आढळते, कापलेल्या फुलदाणीवर आम्लाने उठवलेली नव्हे. निळसर छटा हा जुन्या वॉटरफोर्डचा पुरावा, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासूनही सावध राहावे.

प्रश्न : फुलदाणी बकाराची आहे असे सांगून मिळाली, पण तळावर खूण नाही. ती नकली समजावी का?

उत्तर : तेवढ्यावरून समजू नये. या फ्रेंच कारखान्याने नगांवर कायमस्वरूपी खूण नियमितपणे उठवायला १९३६ पासून सुरुवात केली. त्याआधी कागदी चिठ्ठ्या असत आणि त्या पहिल्या धुण्यातच जात. खुणेविना असलेला नग त्यापूर्वीचा असू शकतो, पण ‘असू शकतो’ एवढ्यासाठी बकाराची किंमत देऊ नये.

प्रश्न : जुन्या फुलदाणीच्या आत पांढुरका थर बसला आहे. तो जाईल का?

उत्तर : पाण्यातल्या क्षारांचा थर असेल, तर जाईल. कोमट पाण्यात पांढरा व्हिनेगर मिसळून तासाभरासाठी भरून ठेवावा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने घासावे. रात्रभर ठेवू नये, कारण आम्ल शिशाच्या काचेतून शिसे ओढून घेते. सोनेरी काम असेल, तर ते या पाण्यापासून दूर ठेवावे. दोन वेळा करूनही थर तसाच राहिला, तर क्षार नसून वर्षानुवर्षे साठलेल्या पाण्याने काचच झिजलेली आहे. तिला आतून पुन्हा पॉलिश करणे हे कुशल कारागिराचेच काम आहे, आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाचा प्रयोग घरी कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण ते कातडीतून हाडापर्यंत पोहोचते. यापुढे फुले काढली, की फुलदाणी त्याच दिवशी धुऊन, उलटी न ठेवता, आत कापड फिरवून कोरडी करावी. नक्षीदार काठावर उलटे ठेवलेले नग तिथेच टवके उडून खराब होतात.